शस्त्रक्रिया झाली, कळ मात्र राहिली

कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया सुरळीत पार पडते. टाके निघतात. काही आठवड्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये नसेवरचा दाब दूर झाल्याचे दिसते. शल्यविशारद समाधानी असतात, नातेवाईक निर्धास्त होतात. रुग्णाच्या नितंबापासून पोटरीपर्यंत, कधी थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी ती ओळखीची कळ मात्र पुन्हा डोके वर काढते. किंवा ती मुळात गेलेलीच नसते. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणे, कार्यालयात सलग तासभर खुर्चीवर बसणे, रात्री कूस बदलणे या साध्या गोष्टीही पूर्वीइतक्याच अवघड राहतात. मग घरात दबक्या आवाजात एकच प्रश्न विचारला जातो : ऑपरेशन फसले का?

अशा रुग्णाला दुसरी शस्त्रक्रिया सुचवण्यापूर्वी अनेकदा एक मधला मार्ग सांगितला जातो. तो म्हणजे मणक्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन. सकाळी रुग्णालयात यायचे, अर्ध्या तासात काम आटोपते, संध्याकाळपर्यंत घरी. ऐकायला हे सोपे वाटते. काही रुग्णांना त्याने खरोखर आराम पडतो, काहींना दोन-चार आठवड्यांपुरता पडतो आणि अनेकांना अजिबात पडत नाही. हा फरक का पडतो, हे समजून घेतल्याशिवाय त्या सुईला होकार किंवा नकार देणे म्हणजे अंधारात दगड मारण्यासारखे आहे. या फरकाचे मूळ औषधापेक्षा वेदनेच्या कारणात अधिक आहे.

नाव बदलले, प्रश्न तोच

मणक्यातील गादी सरकून नसेवर दाब येतो आणि त्यामुळे पायात कळ जाते, ही गोष्ट आज घरोघरी ठाऊक आहे. वैद्यकविश्वाने मात्र ती मान्य केली १९३४ मध्ये, जेव्हा बोस्टनमधील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी आपला प्रसिद्ध शोधनिबंध छापला. त्यानंतर गादीचा सरकलेला तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले आणि त्यापाठोपाठ शस्त्रक्रियेनंतरही न जाणाऱ्या वेदनेचेही. या अवस्थेला अनेक दशके 'फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम' म्हणत असत. हे नाव रुग्णाला हताश करणारे आणि शल्यविशारदावर ठपका ठेवणारे होते. शिवाय ते दिशाभूल करणारेही होते, कारण शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होऊनही वेदना राहू शकते. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्याऐवजी 'पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम, प्रकार २' हे नाव सुचवले. शस्त्रक्रिया न झालेल्यांची दीर्घकालीन वेदना हा प्रकार १.

असे किती जणांच्या बाबतीत घडते? वेगवेगळ्या अभ्यासांत १० ते ४० टक्के असा आकडा येतो. ही तफावत मोठी आहे, कारण कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या कारणासाठी आणि किती वेदना उरली म्हणजे 'राहिली' म्हणायचे, याची मोजपट्टी प्रत्येकाची निराळी असते. खालचा आकडा धरला तरी दहातील एक रुग्ण हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

कळ एक, कारणे अनेक

शस्त्रक्रियेनंतरच्या पायदुखीची कारणे एका साच्यातली नसतात. काढलेल्या गादीचाच उरलेला भाग पुन्हा बाहेर येऊ शकतो. त्याच पातळीवर नस बाहेर पडण्याची जागा अरुंदच राहिलेली असू शकते. मणके स्क्रूने जोडलेले असतील तर त्यांच्या लगतच्या मणक्यावर ताण वाढून तिथे नवी झीज सुरू होते. आधाराचा भाग फार काढला गेला असेल तर दोन मणके एकमेकांवर सरकू लागतात. काही वेळा तर दुखणे मणक्याचे नसतेच. खुब्याच्या सांध्याची झीज, माकडहाडाच्या वरच्या बाजूचा सेक्रोइलियक सांधा, पायाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा, मधुमेहाने झालेली नसांची हानी ही सारी मंडळी सायटिकाचा वेश घेऊन येतात. एमआरआयमध्ये सरकलेली गादी दिसली म्हणून तिच्यावर शस्त्रक्रिया होते आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. चाळिशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या अनेक माणसांच्या एमआरआयमध्येही गाद्या सरकलेल्या दिसतात, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

आपल्याकडे आणखी एका शक्यतेचा विचार आधी करावा लागतो. ती म्हणजे जंतुसंसर्ग. शस्त्रक्रियेनंतर दोन-चार आठवड्यांनी पाठदुखी अचानक भडकली, रात्री झोप लागेनाशी झाली, ताप किंवा वजनात घट असली तर गादीच्या जागी पू झालेला नाही ना, हे रक्ताच्या तपासण्या आणि एमआरआयने पाहणे आवश्यक असते. भारतात मणक्याचा क्षयही दुर्मीळ नाही. स्टिरॉइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आहे. संसर्ग असलेल्या जागी ते सोडणे म्हणजे आगीला वारा घालणे होय.

आणि मग उरतात दोन कारणे, ज्यांची चर्चा सर्वाधिक होते. पहिले, नसेभोवती तयार झालेली व्रणाची ऊती, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'स्कार'. शस्त्रक्रियेची जखम भरताना त्वचेवर जसा चट्टा उरतो, तसाच तो आतही उरतो. नसेच्या मुळाशी तो चिकटला तर पाय उचलताना किंवा वाकताना नस मोकळेपणाने सरकत नाही. परंतु स्कार तर शस्त्रक्रिया झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्याच पाठीत असतो. ज्यांचे काही दुखत नाही त्यांच्याही. त्यामुळे अहवालात 'फायब्रोसिस' हा शब्द दिसला की वेदनेचे कारण सापडले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. स्कार आणि पुन्हा बाहेर आलेली गादी यांतला फरक ओळखण्यासाठी शिरेतून गॅडोलिनियम हे द्रव्य देऊन एमआरआय करतात. स्कारमध्ये रक्तवाहिन्या असल्याने तो ते द्रव्य शोषून उजळतो, गादीचा तुकडा आधी काळाच राहतो. साध्या एमआरआयवर हा भेद नेहमी कळत नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. नस महिनोन्महिने दबून राहिली तर ती स्वतःच जखमी होते. दाब निघून गेला तरी ती बिघडलेल्या वायरीसारखी उगाचच ठिणग्या टाकत राहते. जळजळ, मुंग्या, विजेचा झटका बसल्यासारखी कळ, पायावर चादर लागली तरी होणारा त्रास ही या वेदनेची लक्षणे. कालांतराने मज्जारज्जू आणि मेंदू यांतील वेदनेची यंत्रणाच संवेदनशील होऊन बसते. तेव्हा दोष एखाद्या ठिकाणी बोट ठेवून दाखवता येण्याजोगा राहत नाही.

स्टिरॉइड नेमके काय करते?

स्टिरॉइड म्हटले की काहींना व्यायामशाळेतील फुगवलेले दंड आठवतात, तर २०२१ च्या करोनाच्या लाटेनंतर महाराष्ट्रातील अनेकांना काळ्या बुरशीची आठवण होते. दंड फुगवणारी स्टिरॉइड्स वेगळी. मणक्यात दिली जातात ती कॉर्टिझोनच्या कुळातली. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण चालू लागल्याचे पाहून वैद्यकविश्व थक्क झाले. हेंच, केंडॉल आणि राइकस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मणक्याच्या पोकळीत औषध सोडण्याचे तंत्र त्याहून जुने आहे. १९०१ मध्ये पॅरिसमध्ये सिकार आणि कॅथलँ या दोघांनी माकडहाडाजवळच्या मार्गाने कोकेन सोडण्याचे प्रयोग केले होते. या दोन धाग्यांची गाठ १९५२ मध्ये इटलीत पडली. तिथे सायटिकाच्या रुग्णाला या पोकळीत प्रथमच हायड्रोकॉर्टिझोन देण्यात आले.

या औषधाचे मुख्य काम दाह शमवणे हे आहे. सायटिकामध्ये दाह कुठून आला, असा प्रश्न पडेल. गादी नसेला केवळ दाबते, असा समज पूर्वी होता. स्वीडनमध्ये ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगात गादीच्या गाभ्यातील मऊ पदार्थ नसेच्या मुळावर नुसता ठेवला, दाब मुळीच दिला नाही. तरीही नसेचे काम मंदावले. गादीचा गाभा रासायनिकदृष्ट्या नसेला झोंबतो, असे त्यातून दिसले. ताज्या सायटिकामध्ये स्टिरॉइड उपयोगी का पडते, याचे उत्तर येथे आहे. तिथे दाह असतो आणि औषध दाहावरच काम करते.

शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाचा पेच नेमका येथूनच सुरू होतो. पुन्हा बाहेर आलेल्या गादीमुळे नव्याने दाह झाला असेल, तर स्टिरॉइडला काम करायला जागा आहे. जुन्या, घट्ट झालेल्या स्कारमध्ये दाह फारसा उरलेला नसतो. जखमी नसेची दुरुस्ती स्टिरॉइड करत नाही. सरकणारा मणका ते बांधून ठेवत नाही. हाडाने अरुंद झालेली वाट ते रुंद करत नाही. एकाच इंजेक्शनने एका रुग्णाला आराम पडतो आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाला पडत नाही, यात नशिबाचा भाग कमी आणि निदानाचा जास्त असतो.

पुरावा काय सांगतो?

सर्वसाधारण सायटिकाविषयी 'कॉक्रेन' या संस्थेने २०२० मध्ये २५ चाचण्या आणि २,४७० रुग्णांची माहिती एकत्र तपासली. शून्य ते शंभर अशा वेदनेच्या मोजपट्टीवर एपिड्युरल स्टिरॉइडने बनावट इंजेक्शनापेक्षा सरासरी सुमारे ५ गुणांचा जादा आराम दिला आणि तोही अल्प मुदतीत. सरासरीच्या पोटात पुष्कळ आराम पडलेले आणि मुळीच न पडलेले असे दोन्ही रुग्ण लपलेले असतात, हे खरे; तरीही पाच गुणांचा फरक रुग्णाला जाणवेलच असे नाही. अमेरिकेत १६ केंद्रांवर, मणक्याची पोकळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना बधिरीकरणाचे औषध व स्टिरॉइड मिळाले, निम्म्यांना नुसते बधिरीकरणाचे औषध. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

ही दोन्ही उदाहरणे मुख्यतः शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांची आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवरील चांगल्या चाचण्या थोड्या आहेत. त्यांतील एक केंटकी राज्यात मांचिकांती यांच्या गटाने १४० रुग्णांवर केली. माकडहाडाच्या मार्गाने एका गटाला स्टिरॉइडसह आणि दुसऱ्याला स्टिरॉइडविना बधिरीकरणाचे औषध देण्यात आले आणि दोन वर्षे पाठपुरावा झाला. दोन्ही गटांतील अनेकांना आराम पडला. स्टिरॉइडने त्यात लक्षणीय भर घातली नाही. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. इंजेक्शन उपयोगी आहे पण स्टिरॉइड नसले तरी चालते, असे समर्थक म्हणू शकतात. काहीच न दिलेला तिसरा गट नसल्याने आराम औषधाचा, काळाचा की विश्वासाचा हे सांगता येत नाही, असे टीकाकार म्हणू शकतात. दुसरा आक्षेप प्रस्तुत प्रतिनिधीला अधिक वजनदार वाटतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत तर एकाच महिन्यात दोन वेगळे सूर ऐकू आले. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या आढाव्याने नसेच्या वेदनेत या इंजेक्शनांचा अल्पकालीन, माफक लाभ मान्य केला. 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकातील तज्ज्ञमंडळाने मात्र तीन महिन्यांहून जुन्या मणक्याच्या वेदनेत, अगदी पायात उतरणाऱ्या वेदनेतही, एपिड्युरल इंजेक्शने देऊ नयेत अशी ठाम शिफारस केली. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी तिच्यावर टीका केली. वाद मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंच्या कागदांत एक गोष्ट समान आहे : महिनोन्महिने टिकणाऱ्या लाभाचे आश्वासन कोणीच देत नाही.

केनेडींची पाठ

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या पाठीची कहाणी या संदर्भात वाचण्यासारखी आहे. त्यांच्या कमरेवर चार शस्त्रक्रिया झाल्या. पहिली १९४४ मध्ये, गादीची. दुसरी १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे, मणके धातूच्या पट्टीने जोडण्याची. जखमेत जंतुसंसर्ग झाला, ते बेशुद्धावस्थेत गेले आणि त्यांच्यासाठी अंतिम धर्मविधीही करण्यात आला. १९५५ च्या फेब्रुवारीत ती पट्टी काढावी लागली. १९५७ मध्ये गळू फोडण्यासाठी चौथ्यांदा शस्त्रक्रिया झाली. वेदना मात्र गेली नाही. १९५५ पासून डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल त्यांच्या पाठीच्या स्नायूंत प्रोकेन या बधिरीकरणाच्या औषधाची इंजेक्शने देत असत. पुढे त्या व्हाइट हाउसच्या वैद्य झाल्या. ही इंजेक्शने स्टिरॉइडची नव्हती आणि मणक्याच्या पोकळीतही नव्हती. पण त्यांची रीत आजच्या रुग्णाला ओळखीची वाटेल. आराम पडे, ओसरे आणि पुन्हा सुई घ्यावी लागे.

१९६१ च्या ऑक्टोबरात डॉ. हान्स क्राउस यांना बोलावण्यात आले. त्यांनी अध्यक्षांचे स्नायू किती दुर्बळ झाले आहेत हे तपासले आणि आठवड्यातून अनेकदा करायचा व्यायाम आखून दिला. पुढील काही महिन्यांत केनेडींच्या हालचालीत स्पष्ट सुधारणा झाली. जगातील उत्तमातील उत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असलेल्या माणसाला चार शस्त्रक्रिया आणि असंख्य सुयांनंतर दिलासा मिळाला तो एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या उपायाने.

शस्त्रक्रिया झालेली पाठ वेगळी

एपिड्युरल म्हणजे मज्जारज्जू व नसा यांच्या आवरणाबाहेरची अरुंद पोकळी. न कापलेल्या पाठीत डॉक्टर दोन मणक्यांच्या मधून सुई पुढे नेतात. तिथला चिवट अस्थिबंध ओलांडताच सुईवरचा प्रतिकार एकदम ढिला पडतो आणि आपण योग्य जागी पोहोचलो हे हाताला कळते. शस्त्रक्रियेत नेमका हाच अस्थिबंध बहुधा काढलेला असतो आणि त्याच्या जागी आवरणाला चिकटलेला स्कार असतो. हाताची ती खूण नाहीशी झालेली असते. सुई आवरणात घुसण्याचा धोका वाढतो आणि औषधही स्कारला अडून हव्या त्या नसेपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात बहुधा दोन आडवाटा घेतल्या जातात. एक खालून, माकडहाडाच्या वर असलेल्या नैसर्गिक छिद्रातून. तिथून औषध अधिक प्रमाणात द्यावे लागते, कारण त्याला वर चढायचे असते. दुसरी बाजूने, ज्या भोकातून नस बाहेर पडते त्यातून. तिथे औषध थोडे लागते आणि नेमके पोहोचते. पण त्याच भोकातून कधी कधी मज्जारज्जूला रक्त पुरवणारी बारीक धमनीही जाते. मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायअॅमसिनोलोन यांसारख्या स्टिरॉइडमध्ये सूक्ष्म कण असतात. ते त्या धमनीत गेले तर रक्तपुरवठा तुंबून दोन्ही पाय लुळे पडू शकतात. असे प्रसंग फार विरळ आहेत, पण घडलेले आहेत आणि त्यांत आधी मणक्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्णही आहेत. त्यामुळे बाजूच्या मार्गाने देताना आता अनेक तज्ज्ञ कणविरहित डेक्सामेथासोनला प्रथम पसंती देतात. सुईचा मार्ग 'सी-आर्म' या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहणे आणि औषधाआधी थोडे रंगद्रव्य सोडून ते शिरेत तर जात नाही ना याची खात्री करणे, या दोन गोष्टी शस्त्रक्रिया झालेल्या पाठीत ऐच्छिक मानू नयेत.

धोक्याची नोंद

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ च्या एप्रिलमध्ये इशारा दिला की एपिड्युरल स्टिरॉइडनंतर क्वचित दृष्टी जाणे, पक्षाघात, पांगळेपण आणि मृत्यूही संभवतो. या वापरासाठी त्या प्रशासनाने कोणत्याही स्टिरॉइडला मान्यता दिलेली नाही, ही बाब फार थोड्या रुग्णांना ठाऊक असते. मान्यतेबाहेरचा वापर बेकायदा नसतो आणि वैद्यकात तो सर्रास चालतो. पण रुग्णाला ते सांगितले जावे, ही अपेक्षा गैर नाही.

औषधाची शुद्धता हाही जिवाचाच प्रश्न ठरू शकतो. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका कंपनीने तयार केलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या बाटल्यांत बुरशी शिरली होती. ही इंजेक्शने घेतलेल्या ७५० हून अधिक जणांना संसर्ग झाला. त्यांतील अनेकांना मेंदूज्वराने गाठले आणि अधिकृत नोंदीनुसार ६४ जणांचा मृत्यू झाला. हे रुग्ण पाठ किंवा सांधे दुखतात म्हणून आले होते.

रोजच्या व्यवहारातील धोका मात्र याहून साधा आहे. तो म्हणजे साखर. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. मणक्यात दिलेले स्टिरॉइड रक्तातही उतरते आणि पुढचे काही दिवस साखर चढी ठेवते. ज्यांची साखर आधीच अनियंत्रित आहे त्यांनी इंजेक्शनाची तारीख पुढे ढकलणेच शहाणपणाचे. वारंवार दिलेल्या स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात, शरीराचे स्वतःचे कॉर्टिझोन तयार होणे मंदावते. म्हणून वर्षाला तीन-चारपेक्षा अधिक इंजेक्शने देणे बहुतेक तज्ज्ञ टाळतात. 'तीन इंजेक्शनांचा कोर्स' ही कल्पना अजूनही प्रचलित आहे. तिला पुराव्याचा आधार नाही. पहिल्याने मुळीच फरक पडला नाही, तर दुसरे का घ्यायचे हा प्रश्न रुग्णाने विचारायलाच हवा.

मग इंजेक्शन घ्यायचेच नाही का?

तसे म्हणणेही एकांगी होईल. शस्त्रक्रियेनंतर काही काळ बरे वाटून पायाची कळ नव्याने सुरू झाली आहे, नव्या एमआरआयमध्ये त्याच नसेवर पुन्हा गादी आलेली दिसते आहे, पायाची ताकद शाबूत आहे, अशा रुग्णात दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी एकदा इंजेक्शन देऊन पाहणे रास्त आहे. कळीचा जोर ओसरलेल्या त्या काही आठवड्यांत व्यायाम सुरू करता आला तर त्याचा खरा उपयोग होतो. ते आठवडे आराम करण्यात घालवले, तर इंजेक्शनाचा प्रभाव संपताच रुग्ण पूर्वीच्याच जागी येतो. कोणती नस दुखते याची शहानिशा करण्यासाठीही एखाद्या नसेभोवती बधिरीकरणाचे औषध देऊन पाहतात, मात्र ती कसोटी अचूक नसते.

याउलट वर्ष-दोन वर्षांपासूनची सततची जळजळ, एमआरआयमध्ये केवळ स्कार आणि आधी घेतलेल्या दोन इंजेक्शनांचा शून्य उपयोग, असे चित्र असेल तर तिसऱ्या सुईकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. त्या वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन, अॅमिट्रिप्टिलिन, गॅबापेन्टिन अशी नसेच्या वेदनेवरची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. तीही रामबाण नाहीत. आपल्याकडे सढळ हाताने लिहून दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिनची ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या २०९ रुग्णांवर चाचणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ते बनावट गोळीहून सरस ठरले नाही, चक्कर येण्याचे प्रमाण मात्र वाढले. मज्जारज्जूजवळ तार बसवून विजेचे सूक्ष्म स्पंदन देणारे यंत्र हा आणखी एक पर्याय. शस्त्रक्रियेनंतर पायदुखी राहिलेल्या १०० रुग्णांवरील २००७ च्या चाचणीत सहा महिन्यांनी यंत्र बसवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांची पायदुखी निम्म्याहून कमी झाली; केवळ औषधोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. परंतु २०२२ मध्ये नॉर्वेतील ५० रुग्णांच्या चाचणीत चालू यंत्र आणि बंद यंत्र यांत फरक दिसला नाही. काही लाखांचा खर्च करण्यापूर्वी हे दोन्ही आकडे समोर असलेले बरे.

होकार दिलाच, तर

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर ते आधी सांगावे. क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन चालू असताना सुई घेतल्यास पोकळीत रक्त साचून नसा दबू शकतात. पण त्या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञाला न विचारता परस्पर बंद करणेही तितकेच घातक. जुन्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे, म्हणजे कोणती पातळी, किती हाड काढले, स्क्रू आहेत का, ही इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांच्या हाती पडली पाहिजेत. डिस्चार्जच्या कागदावर पुष्कळदा एवढे तपशील नसतात, तेव्हा शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद रुग्णालयातून मागून घ्यावी. त्या दिवशी पाय काही तास बधिर राहू शकतो, त्यामुळे सोबत कोणी असावे आणि स्वतः वाहन चालवू नये. पहिल्या रात्रीचा आराम बधिरीकरणाचा असतो. तो ओसरल्यावर एक-दोन दिवस दुखणे वाढल्यासारखे वाटते. स्टिरॉइडचा परिणाम दिसायचा असेल तर तो दोन दिवसांपासून आठवडाभरात दिसू लागतो. मधुमेहींनी या काळात घरच्या घरी दिवसातून दोन-तीनदा साखर तपासावी.

उभे राहताच असह्य डोके दुखणे, ताप आणि मान आखडणे, पायातील ताकद झपाट्याने कमी होणे, लघवी अडकणे किंवा नकळत होणे, गुदद्वार व जननेंद्रियाभोवतीची जागा बधिर होणे, यांपैकी काहीही आढळले तर दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीची वाट पाहू नये. विशेषतः शेवटची तीन लक्षणे नसांचा जुडगा दबल्याची असू शकतात आणि तेव्हा काही तासांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागते; मग ती रुग्णाची पहिली असो वा तिसरी.